अर्धा चेहरा

दर महिन्याच्या दहा-बारा तारखेला डबी येते.
कुरिअरवाला फाट्याच्या पुढे येत नाही,
म्हणून ती उमटे कृषी केंद्रात उतरते,
निंबोळी अर्काच्या कॅनमागे, पंपाच्या नळ्यांत.
घरी आणून उघडते तेव्हा
परदेशी गुलाबाला फवारणीच्या औषधाचा वास असतो.

तीनशे नव्याण्णव रुपये. पाच नमुने.
नखाएवढी लिपस्टिक, करंगळीएवढी शिशी,
आणि एक पुडी, तिच्यावर छापलेलं : विक्रीसाठी नाही.
माय म्हणाली, "मंग आपल्याले कायले विकली?"

समोरच्या खोलीत माझं पार्लर.
पाटी रंगवली ती पोळ्याला शिंगं रंगवणाऱ्यानं,
त्यामुळे पाटीवरच्या बाईचे डोळे
जरा बैलाचे आले आहेत.
गिऱ्हाइकं हसतात, पण पत्ता लक्षात ठेवतात.

खरं कसं ओळखायचं हे मला कोणी शिकवलं नाही.
शिकवलं असेल तर बाबांनी.
शालिकराम भोयर, जिनिंगमधले ग्रेडर.
गाडीतून मूठभर कापूस ओढायचे,
दोन अंगठ्यांत धरून हळूहळू ताणायचे
डोळे मिटून.
"कापूस बोलते," म्हणायचे,
"पण व्यापारी मधात बोलते."

मी क्रीमचा थेंब तसाच ताणते.
झाकणाचा टक्क आवाज ऐकते, शिशी हातात तोलते,
बॅच नंबर मोबाईलच्या उजेडात वाचते.
उमटे दुकानात बसून एक रुपयाच्या नाण्यानं
लिपस्टिकचा होलोग्राम खरवडतात,
बियाण्याचं पाकीट खरवडावं तसा.
"ताई, हे लय चकचकीत हाय. मले डाऊट हाय.
अस्सल वाल्याले एवढं चमकाची गरज नसते."

नवतप्यात दोन लिपस्टिका खिडकीत ठेवल्या,
एक डबीतली, एक बुधवारच्या बाजारातली चाळीसची.
तीन वाजता दोन्ही वितळल्या.
ह्या परीक्षेतून काही निघालं नाही,
खिडकीच्या चौकटीला मात्र दोन डाग पडले,
एक अजून निघत नाही.
कोणता कोणाचा, ते मी लिहून ठेवलं नव्हतं.

एकदा फाउंडेशन आलं, नाव पोर्सेलिन.
हनुवटीला लावलं :
चुना लागलेला रांजण.
खरं होतं ते. नंबर जुळला होता.
चार महिने मग पोर्सेलिन, आयव्हरी, पुन्हा पोर्सेलिन.
पाचव्या महिन्यात हनी आलं. दोन मिली.
ते मी कुंकवाच्या करंड्यात लपवून ठेवलं.

आचल मोहोडचं लग्न निघालं.
"ताई, ओरिजनलच लावजो. पोराकडचे पुण्याचे हायेत."
दोन मिलीत अर्धा चेहरा होतो,
मान धरली तर तोही नाही.
मी फोटोवाल्या संदीपला बाजूला घेऊन विचारलं,
फोटोत कोणती बाजू येईल?
"डावी. जनरेटर तिकडं हाय, लाईट तिकूनच."

तर डावीकडे हनी.
उजवीकडे बाजारातल्या दोन ट्यूब
तळहातावर कालवल्या,
हात तिच्या गळ्याशी नेत, परत आणत,
थोडी ही, थोडी ती,
गळा आणि हात एक होईतो.
ह्यालाच अर्धा तास गेला. बाहेर बँड सुरू झाला होता.
डावीला दहा मिनिटं लागली.

आचलला काही सांगितलं नाही.
पैसे पूर्ण घेतले.

मांडवपरतणीला आली, खुर्चीत बसली, पाय हलवत.
बांगड्या अजून नव्या वाजत होत्या.
"फोटो मस्त आले व ताई. पण एका बाजूले
रातभर खाजलं मले."
कोणत्या?
तिनं गालाला हात लावला.
मी तिच्या मागे उभी, बघत होते आरशात.
आरशातला हात कोणता ते ठरवायला
एरवी मला वेळ लागत नाही.

तेवढ्यात दारात उमटेंची गाडी थांबली.
"ताई, डबी आली तुमची.
या बारीनं हलकी वाटून राहिली."